आजचे धोके

…संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यातली ती लाल ढाल, तुरीच्या दाण्याएवढी, घड्याळाच्या आकड्यांना खेटून बसलेली, पुन्हा लुकलुकली आणि मीनाक्षीला वाटलं, हिला नखानं खरवडून काढता आलं असतं तर किती बरं झालं असतं. शनिवार. आठवडाभर ऑफिसात फायली उपसून मान आखडलेली, आणि सुट्टीच्या दिवशी डोक्याला हा ताप. तिचे यजमान शांताराम दिल्लीतल्या आयएनए मार्केटात मासे आणायला गेले होते. तासभर तरी यायचे नाहीत, म्हणजे जे करायचं ते आत्ताच…

निवृत्तीनंतर त्यांनी मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं टायपिंग अंगावर घेतलं, मराठी टायपिंगचं काहीतरी फुकटातलं कुठूनसं उतरवून घेतलं, आणि त्याच्या पाठोपाठ ही ढाल न बोलावता घरात शिरली. पहिल्याच दिवशी पडदाभर लाल पाटी – तुमच्या संगणकात हेरगिरी करणारे चौतीस प्रोग्राम सापडले आहेत, त्वरित कारवाई करा. दुसऱ्या कुणी पाटी बंद करून टाकली असती. पण सरकारी नोकरीत जन्म काढलेला, एकाही मेमोचं उत्तर उशिरा न दिलेला माणूस ‘त्वरित कारवाई’ वाचून खुर्ची पुढे ओढणारच! बटण दाबलं, हिरवी पट्टी सरकली, सगळं साफ. दुसऱ्या सकाळी पुन्हा नवे. तेव्हापासून रोज चहा झाला की इस्त्रीचा शर्ट घालून – हो, घरातल्या घरात इस्त्रीचा शर्ट – ते संगणकापुढे बसायचे, आणि ती स्वयंपाकघरात डबा भरत असताना हाक यायची, “अगं, आज एकोणतीस. सगळे उडवले!”

“वा,” ती म्हणायची.

मग ऑफिसात संगणकाच्या सुरक्षेचं प्रशिक्षण झालं, जेवणानंतरचं, पेंगत पेंगत ऐकलेलं. शिकवायला आलेली मुलगी म्हणाली, “मॅडम, असली वाला कभी इतना डराता नहीं.” खोटं अँटीव्हायरस असतं ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत डझनांनी धोके शोधतं, रोज नवी भीती घालतं, बंद करू म्हटलं तर होऊ देत नाही, आणि संगणकातल्या खऱ्या रखवालदाराला आधी झोपवून ठेवतं. मीनाक्षीची झोप खाडकन उडाली. अरे देवा, हे तर आमच्याच घरचं वर्णन!

तरी मी काही बोलले नाही. कसं बोलणार? निवृत्तीनंतरचं ते पहिलं वर्ष… दुपारी फोन केला की पलीकडून एवढंच यायचं, “काही नाही, बसलोय.” त्या ‘बसलोय’नं जीव नकोसा व्हायचा. ढाल आल्यापासून तोंडावर जरा तेज आलं होतं, ते मी माझ्या हातानं पुसायचं? पण उद्या मंडळाचा सचिव अंशुमन लॅपटॉप घेऊन येणार होता. सगळ्या सभासदांची माहिती त्यात, आणि त्याला हीच ढाल हवी होती. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ करत यांनी बरेच दिवस घालवले, आता तो ऐकेना. ढालीचं खोटं उघडं पडल्यावर आमच्या लक्ष्मीबाई नगरातली चार मराठी माणसं यांना हसली असती, आणि ते काही मला सहन झालं नसतं.

प्रशिक्षणात सांगितलं होतं तसं तिनं वायफाय बंद केलं, संगणक सेफ मोडमध्ये चालू केला, प्रोग्रामांच्या यादीतून ती ढाल शोधून काढली. ढाल विचारू लागली, खरंच काढायचं? तुम्ही असुरक्षित व्हाल. पुन्हा विचारलं. पुन्हा. काढते गं बाई, जा आता… मग ते फुकटातलं टायपिंग काढलं, ब्राउझरला चिकटलेलं तिचं शेपूट काढलं, वायफाय जोडून खऱ्या रखवालदाराला जागं केलं आणि बसून राहिली. कितीतरी वेळानं त्यानं एकच ओळ दाखवली – कोणताही धोका आढळला नाही. जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही.

दार वाजलं. शांताराम पिशवी घेऊन आत आले, पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहत उभे राहिले.

“काढलंस?”

अपडेटमध्ये गेलं असेल, असं म्हणायचं तिनं ठरवून ठेवलं होतं. पण त्या क्षणी तिला त्याचाही कंटाळा आला.

“खोटं होतं ते. अहो, ते सगळे आकडे खोटे होते.”

“माहीत होतं.” ते खुर्चीवर टेकून चपलेचा पट्टा सोडवू लागले. “मागं दोन दिवस नेट बंद होतं ना, तरी सकाळी सत्तावीस नवे. नवे येणार कुठून? म्हणून तर अंशुमनला टोलवत होतो, यार.”

“मग रोज कशाला…”

“तू ‘वा’ म्हणायचीस.”

माशाचा भाव सांगावा तसं ते म्हणाले, आणि पिशवी उचलून आत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं… ‘वा’ म्हणताना मी कधी डब्यावरून मान वर केली होती? एकदा तरी? तिला आठवेना. आत नळ सुरू झाला.

“सुरमई एकदम ताजी मिळाली बघ!”

‘वा’ जिभेवर आलाच होता. तिनं तो तिथंच धरून ठेवला. उठून आत जायला हवं, खरंच ताजी आहे का ते बघायला हवं… नळ वाहत होता, ते वाट बघत असणार, आणि ती दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकवून अजून बसलेलीच होती.