तोंडातला बोळा

पन्नाशी उलटल्यावर कोट्रेशप्पाची अक्कलदाढ दुखायला लागली. दावणगेरेच्या बसस्टँडवर तो कंट्रोलर होता. दिवसभर माइकवरून गाड्या पुकारायचा. आधी त्यानं लवंग धरून दिवस ढकलले. मग गाल सुजला, जबडा दोन बोटांच्या वर उघडेना, माइकवर शब्द चिकटायला लागले, तेव्हा मौलासाब ड्रायव्हरनं त्याला बळंच डेंटल कॉलेजात नेलं.

एक्स-रे उजेडाकडे धरून तिथल्या मॅडम म्हणाल्या, "दाढ आडवी झोपलीय, शेजारच्या दाढेवर डोकं टेकून. नुसती ओढून यायची नाही. हिरडी कापून तुकड्या-तुकड्यानं काढावी लागेल. सोमवारी या. येताना घरचं कुणीतरी बरोबर आणा."

कोट्रेशप्पा एक्स-रे पाकिटात घालायला लागला. मौलासाबच म्हणाला, "मी आहे की मॅडम, घरचाच."

बायको नीलव्वा आठ वर्षांपूर्वी हरपनहळ्ळीकडच्या माहेरी गेली होती. भांडण वगैरे काही नव्हतं. तिची आई अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं, तिचं करायला म्हणून गेली. पुढे आई वारली. नीलव्वा तिथंच राहिली. भावाच्या म्हशी होत्या, शेत होतं, कामाला तोटा नव्हता. 'ये' असं हा म्हणाला नाही, 'येते' असं ती म्हणाली नाही. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे दोघांना एका जागी ओढणारंही कुणी नव्हतं. आठवड्यातून एकदा फोन व्हायचा. जेवलात का? जेवलो. पाऊस आहे का? नाही. बरं, ठेवतो.

सोमवारी खुर्चीत आडवं केल्यावर जबड्यात मागच्या बाजूला सुई टोचली. थोड्या वेळानं ओठ जड झाला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. "अंकल, दुखलं तर डावा हात वर करा," शिकाऊ डॉक्टरीण म्हणाली. त्यानं हात वर केला नाही. यंत्र घरघरत राहिलं, जळका वास आला, मग कानाच्या आतच काहीतरी कडकन मोडलं. "एक तुकडा आला," मॅडम म्हणाल्या, "मूळ वाकडं आहे, अजून वेळ लागेल." डोकं हलू नये म्हणून नर्सनं त्याच्या कपाळावर तळवा ठेवला होता. त्याच्या कपाळाला कुणाचा हात लागून वर्षं झाली होती. तो डोळे मिटून त्या तळव्याकडेच लक्ष देऊन पडून राहिला. काम संपलं, तळवा उचलला गेला, तेव्हा त्याला एकदम गार वाटलं.

टाके घालून मॅडमनी कापसाचा बोळा दाढेच्या जागी दाबला. "तासभर घट्ट चावून धरा. बोलायचं नाही, थुंकायचं नाही."

"तासभर गप्प! पॅसेंजरांचं नशीब उघडलं," मौलासाब म्हणाला. "आणि काय रे अण्णा, इतक्या उशिरा आलेली अक्कल, तीपण काढून आलास?"

त्यानं कोट्रेशप्पाला घरी आणून खाटेवर बसवलं, पंच्यात बर्फ गुंडाळून गालाला लावायला दिला. त्याला दुपारची शिमोग्याची गाडी न्यायची होती. जाता जाता त्यानं कोट्रेशप्पाच्याच मोबाइलवरून नीलव्वाला फोन लावला. "वहिनी, दाढ काढलीय याची. बोलता येत नाही त्याला. तुम्हीच बोला." फोन त्याच्या हातात कोंबून मौलासाब निघून गेला.

"अहो? ऐकताय ना? रक्त थांबलं का?"

"ह्म्."

"प्यायला भाताची गंजी करून ठेवलीय का? कोण करणार म्हणा." मग ती म्हशींचं बोलली, भाच्याचं लग्न मोडलं ते बोलली, गुडघा धरतो म्हणाली. हे त्याला काहीच माहीत नव्हतं. तो "ह्म्" म्हणत राहिला. थोडा वेळ फोनमधून नुसत्या कोंबड्या ऐकू आल्या.

"तुम्ही गप्प आहात तर बोलायला बरं वाटतंय," ती म्हणाली. "एरवी मी तोंड उघडलं की तुम्ही 'बरं, ठेवतो'. एक सांगू का? आई गेल्यावर शिवगणाराधनेच्या जेवणाला तुम्ही आला होता. पंगत उठली. मी पिशवी भरून दाराआड ठेवलेली, लुगडं बदललेलं. तुम्ही चपला घातल्या नि म्हणालात, 'माझी गाडी आहे चारची.' माझी म्हणालात. मग मी काय करायचं?"

"ह्म्! ह्म्!"

"राहू दे, बोळा पडेल."

त्यानं बोळा उपसून काढला. "नी... नी..." जीभ वळेना. रक्त हनुवटीवरून बनियनवर आलं.

"काय करताय हे? डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय ना? ठेवते मी."

त्यानं कॉलेजातून दिलेल्या पुडीतला नवा बोळा दाबला आणि भिंतीकडे बघत बसून राहिला. चपला घातल्याचं त्याला आठवत होतं. दाराआड बघितल्याचं आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं आपण होऊन फोन केला. आठवड्यात दुसरा फोन, म्हणून ती घाबरलीच. "काय झालं?"

"काही नाही. त्या दिवशी मी विचारायला पाहिजे होतं."

पलीकडं बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आता ये," तो म्हणाला. "मी न्यायला येतो."

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज रागाचा नव्हता, "तेव्हा आले असते. पळत आले असते. आता इथं माझी सवय झालीय, तिथं तुमची. कशाला पुन्हा नव्यानं सुरू करायचं? कधीतरी येईन, बघून जाईन."

"बरं," तो म्हणाला. 'ठेवतो' म्हणायचं त्यानं टाळलं, फोन कानाशीच धरून ठेवला. शेवटी तीच म्हणाली, "गंजीत मीठ घाला थोडं. नुसती पिऊ नका."

आठवड्यानं टाके काढायला तो एकटाच गेला. टाके काढायला कुणी बरोबर लागत नाही. शिकाऊ डॉक्टरीण म्हणाली, "छान भरतंय अंकल. आता जेवा व्यवस्थित."

बाहेर आल्यावर त्याला सपाटून भूक लागली. समोरच्या हॉटेलात त्यानं लोणी घातलेला बेण्णे डोसा मागवला आणि डाव्या बाजूनं, बारीक बारीक तुकडे करत, सावकाश चावला. उजवीकडं खड्डा होता. जीभ राहून राहून तिकडं जात होती. दुसरं गिऱ्हाईक उभं राहिलं, वेटरनं टेबल पुसायला घेतलं, तेव्हा तो उठला.