बाजाला लागलेली वाळवी

कोंडीनं दाबलेली पट्टी खाली गेली ती वर आलीच नाही.

तिनं शेजारची दाबली. तीही खचली. आतून आवाज आला तो सुराचा नव्हता, वाळलेली शेंग मोडावी तसा होता. खोरशेदबाईंनी चष्मा सावरून पट्ट्यांच्या फटीत पाहिलं. फटीतून पिवळा भुसा सांडला आणि त्यात दोन-तीन पांढरे किडे वळवळले.

"उधई!" त्या ओरडल्या. "मोती! अरे मोती, इकडे ये! माझ्या पियानोला उधई लागली!"

मोतीबाई चहा घेऊन दारातच उभी होती. ती दचकली, नाही असं नाही. पण त्याच्या आधी, डोळ्याचं पातं लवावं तेवढा वेळ, तिला बरं वाटलं होतं. तापल्या कपाळावर कुणी ओला फडका ठेवावा तसं. ते तिचं तिलाच कळलं आणि तिनं पुढं होऊन चहा पटकन तिपाईवर ठेवला.

साल त्रेचाळीसचं, भादव्याची अखेर. खोपोलीला घाटाखालच्या त्या पारशी बंगलीत मोतीबाईला एकोणीस वर्षं झाली होती. नवरा गेल्यावर कोंडाण्याहून ती इथं कामाला आली, तेव्हा खोरशेदबाईंचे यजमान, विजेच्या कारखान्यातले इंजिनेर साहेब, हयात होते. पियानो त्यांनीच मुंबईहून आणलेला. मोतीबाई त्याला बाजा म्हणायची. साहेब वारले, मुलगा विलायतेत राहिला. घरात उरल्या दोघी, आणि तिसरा बाजा.

रोज सकाळी मऊ फडक्यानं बाजा पुसायचं काम मोतीबाईचं. पहिल्याच वर्षी पुसता पुसता एक पट्टी दाबली गेली होती. असा गोड, भरलेला आवाज उठला की ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात आतून बाईंची हाक आली, "मोती, हात नाही लावायचा हां!" रागानं नव्हे, सहज म्हटलेलं. मोतीबाईनं ते एकोणीस वर्षं पाळलं. पट्ट्यांवरून फडकं असं फिरवायची, जसं तान्ह्या पोराचं तोंड पुसावं.

मग माघात कोंडी आली. कोंडी मोतीबाईची पाठची बहीण, सोळा वर्षांनी लहान. आई बाळंतपणात गेली म्हणून मोतीबाईनंच तिला कडेवर वाढवलेली. नवऱ्यानं दुसरी आणली तशी कोंडी माहेरी परतली. भावजयीशी पटेना, तेव्हा मोतीबाईनंच बाईंकडे शब्द टाकला. "बायजी, दळणकांडण करंल, पाणी भरंल. एका कोपऱ्यात पडून ऱ्हाईल."

कोंडी कोपऱ्यात पडून राहणारी नव्हती. ती जात्यावर बसली की गायची. गळा मोकळा, घाटातल्या वाऱ्यासारखा. एक दिवस खोरशेदबाई सपाता फटफटवत मागच्या ओटीवर आल्या नि म्हणाल्या, "फिरून बोल. तेच बोल." कोंडी लाजली, मग पुन्हा गायली. भावाची वाट बघणाऱ्या बहिणीची ओवी होती ती. बाई आत धावल्या, बाजावर सूर शोधू लागल्या, आणि सापडल्यावर म्हातारपणी पोरीसारख्या हसल्या. "कोंडी, इथे ये. बस माझ्या बाजूला."

मखमली स्टुलावर बस म्हणाल्या! ज्या स्टुलाची झालर मोतीबाईनं तीनदा शिवली, त्यावर!

आणि ओवी कुणाची? कोंडीला मांडीवर घेऊन दळताना मोतीबाईच तर गायची ती. तिच्या आईकडून तिच्याकडे आली, तिच्याकडून कोंडीकडे गेली. पण हे बाईंना कुणी सांगायचं? कोंडीला तरी आठवत होतं की नाही, कोण जाणे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी कोंडीची बोटं पट्ट्यांवर आणि मोतीबाईची चुलीत. बाईंना शिकवण्याचा नादच लागला. "काय हात आहे हिचा, मोती! देवाने दिलेला हात!" मोतीबाई म्हणायची, "व्हय, बायजी," आणि लाकूड असं ढकलायची की ठिणग्या उडायच्या. रात्री दोघी बहिणी शेजारी निजायच्या. कोंडी हवेत बोटं हलवत झोपी जायची. मोतीबाई ती बोटं बघत जागी राहायची. हिला मीच भरवलं, हिच्या डोक्यातल्या उवा मीच काढल्या, असं मनात यायचं. पण मायेचा पाझर फुटायच्या ऐवजी ती कोंडीकडे पाठ फिरवायची.

नागपंचमी होऊन गेल्यावर एकदा बाजामागची धूळ काढताना झाडूला काही लागलं. जमिनीपासून भिंतीवरून चढत मातीची एक रेघ बाजाच्या पाठीत शिरली होती. करंगळीएवढी जाड. झाडूनं ती मोडली आणि आतून पांढरे किडे सांडले. मोतीबाईनं तोंड उघडलंही होतं हाक मारायला. अर्धी बाटली घासलेट ओतलं असतं तर काम तिथंच संपलं असतं.

पलीकडून कोंडीचं हसणं ऐकू आलं. बाईही हसत होत्या.

मोतीबाईनं तोंड मिटलं. माती गोळा करून बाहेर टाकली.

चार दिवसांत रेघ पुन्हा उभी राहिली. एकदा कोंडीनं तिच्या दुखऱ्या कमरेला तेल चोळून दिलं, तेव्हा मोतीबाईला स्वतःची लाज वाटली. सकाळी उठून तिनं रेघ पुन्हा मोडली. बाजामागं वाकलेली असताना कोंडीनं तिला पाहिलं. "काय बघतेस गं आक्का?" "काय नाय. धूळ." त्याच संध्याकाळी बाईंनी कोंडीला आपली जुनी रेशमी ओढणी दिली. त्यानंतर मोतीबाईनं मागची बाजू झाडणंच सोडलं.

पट्ट्या खचल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी खालापूरहून आबाजी सुताराला बोलावलं. आबाजी नांगर आणि बैलगाड्या करणारा माणूस, असला बाजा त्यानं जन्मात उघडला नव्हता. पण हात शहाणा होता. खालची फळी काढायला गेला तर ती हातातच चुरली. आत मातीची घरंच्या घरं.

"लोखंड तेवढं ऱ्हायलंय बायजी," तो म्हणाला. "तारांना काय झालं नाय. डावीकडच्या पट्ट्यांखालच्या दांड्या मातुर साफ खाल्ल्या. सतरा हायत. शिवणीचं लाकूड हलकं, त्याच्या करून बघतो. आधी ह्या वाळवीचं मूळ काढूया."

तो आणि कोंडी बाहेर भिंतीलगत खणत गेले. पेरूच्या जुन्या खुंटाखाली वारूळ सापडलं. आबाजीनं कुदळीनं राणी बाहेर काढली. अंगठ्याएवढी, पांढरी, हलता न येणारी. त्यानं ती टाचेखाली चिरडली. खड्ड्यात उकळतं पाणी ओतलं, वर चुना. लढाईमुळे घासलेट रेशनचं, पण बाईंनी स्टोव्हसाठी जपलेली बाटली त्याच्या हातात दिली. "सगळं ओत. आपण चहा पण चुलीवर करू." भिंतीला डांबर फासलं. दिवाणखान्यात घासलेटाचा वास आणि पोखरलेल्या लाकडाचा ढीग. बाई खुर्चीत बसून त्या ढिगाकडे बघत होत्या, घरात मयत झाल्यासारखं.

हात धुण्याआधी आबाजी भिंतीपाशी वाकला. "बायजी, बोलू का? ह्यो वाळवीचा रस्ता बघा. हितं माती काळी, वर तांबडी, त्यावर परत काळी. म्हंजे मोडून परत बांधलाय. दोनदा. झाडू लागलीय कुणाची तरी. ज्यानं मोडला त्यानं बघितलंच असणार."

खोरशेदबाईंनी मान वर केली. "कोण झाडते मागे?"

मोतीबाई भिंतीला टेकून नुसती उभी राहिली.

"मी, बायजी," कोंडी म्हणाली. तिची नजर जमिनीवर होती. "मी झाडलं व्हतं. मला वाटलं, कुंभारमाशीचं घर हाय."

"तू? सुतार सांगतो दोनदा मोडलं, ने तू मला एकदा नाही सांगितलं?" बाईंचा आवाज चिरकला. "एवढं शिकवलं तुला! जा इथून. आजपासून बाहेरचं काम कर. आत पाय नको ठेवू."

कोंडी गेली. जाताना तिनं मोतीबाईकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मोतीबाई कदाचित बोलली असती, असं पुढं तिनं स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

तीन दिवसांनी कोंडीनं बोचकं बांधलं. "भात पिकलंय. दादाला माणसं लागतील," एवढंच म्हणाली. मोतीबाईनं वाटेला भाकरी बांधून दिली. तीही गुमान घेतली.

आणि घर पुन्हा पहिल्यासारखं झालं, मोतीबाईला हवं होतं तसं. दोघी आणि बाजा. आबाजीनं दांड्या बसवून दिल्या. सतरापैकी अकरा बोलू लागल्या, सहा मुक्याच राहिल्या. पण बाई झाकण उघडेनात. संध्याकाळी खिडकीशी बसून राहत. मोतीबाईनं बाजा पुसला, चकचकीत केला, बाईंच्या आवडीची आंबट-गोड डाळ केली. बाईंनी दोन घास खाऊन ताट सारलं.

पंधराव्या दिवशी, भाजी चिरता चिरता मोतीबाईनं विळी आडवी केली आणि दिवाणखान्यात गेली.

"बायजी, कोंडीनं नाय. मी बघितली व्हती वाळवी. श्रावणातच."

खोरशेदबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "का?"

"ती ओवी माझी व्हती," मोतीबाई म्हणाली, आणि पंचेचाळीस वर्षांची बाई पोरासारखी रडायला लागली.

"मग सांगायचं ने, वेडी."

"तुमी कवा इचारलं?"

बाईंनी तोंड फिरवलं. पियानोकडे हात केला. "हा तर म्हातारा झालेला, मेला. आज नाही उद्या मरायचाच. पण कोंडीला मी घराबाहेर काढली, ने तू आत बसून भाजी चिरली? पंधरा दिवस?" त्या उठल्या. "जा. घेऊन ये तिला. आली नाही तरी तोंड दाखवून ये."

दुसऱ्या दिवशी कर्जतला उतरून मोतीबाई कोंडाण्याची वाट चालू लागली. उन्हं चढली तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी भावाचं खाचर दिसलं. पाच-सहा बाया ओळीनं भात कापत होत्या. कोंडी सगळ्यांच्या पुढं होती. विळा असा चालत होता की बाकीच्या मागं पडल्या होत्या. ते बघताना मोतीबाईच्या मनात पुन्हा तेच आलं. इथंही हीच पुढं! तिला स्वतःचंच नवल वाटलं. येवढं होऊनही हे मेलं मरत नाही.

ती बांधावर उभी राहिली. "कोंडे."

कोंडीनं वर पाहिलं. घाम पुसला.

"बायजींना सांगितलं मी. सगळं. चल माघारी. बोलावलंय तुला."

"नको आक्का."

"रागावलीस?"

कोंडीनं मूठभर भात कापून मागं टाकलं. "रागावले व्हते. तुझ्यावर नाय येवढी, माज्यावर. तुझी ओवी मी त्यांना दिली. तुझं नाव सांगायला जीभ रेटली नाय. त्यांनी मला चांगलं म्हटलेलं गोड लागत व्हतं." ती थांबली. "आता नको पण. हितं बरी हाय मी."

परत फिरावं तर मोतीबाईचा पाय निघेना. पदर कमरेला खोवून ती खाचरात उतरली. भावजयीनं एक विळा पुढं केला. कडेची ओळ मोकळी होती, ती तिनं धरली. एकोणीस वर्षांत हात मऊ पडलेले. चार मुठी कापल्या नाहीत तोच बोटाला चीर गेली. बाकीच्या बाया बघता बघता पुढं निघून गेल्या. ती वाकून कापत राहिली, रक्त लुगड्याला पुसत.

बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली. खाचराच्या पार त्या टोकाला कोंडीची ओळ संपली होती. ती बसली नव्हती, पाणीही प्यायली नव्हती. मोतीबाईच्या ओळीचं पलीकडलं टोक धरून ती या बाजूला कापत येत होती.