लख्ख वाटी

तिने वजनकाटा उलटा केला. मागचं झाकण निघालेलं होतं आणि बटणाएवढा चपटा सेल जागेवर नव्हता. शेजारी फरशीवर चौदा महिन्यांची ठमी बसली होती, तोंडात मूठ घालून, खुशीत.

"आ कर. ठमे, आ."

आत सहा दात आणि लाळ. बाकी काही दिसेना.

नवरा टॉर्च घेऊन सोफ्यापाशी पालथा पडला. "असेल इथंच. तुझ्या मते घरात काहीही हरवलं की ते ठमीच्या पोटात. माझे मोजेसुद्धा."

"मोज्यांनी अन्ननलिका जळत नाही. याने दोन तासांत जळते."

मोठं हॉस्पिटल नदीपलीकडे, तासाभराच्या रस्त्यावर. साडेनऊला तिने याच काट्यावर पीठ मोजलं होतं. आता सव्वादहा झाले होते.

"अगं, गिळलं असतं तर घास उतरला असता का?" सासूबाई ओट्यापासून म्हणाल्या. "आत्ताच वाटीभर मऊ भात खाल्लाय तिनं. फोन घ्यायला गेले नि परत येते तो वाटी चाटूनपुसून लख्ख. तू म्हणजे ना, ताकसुद्धा फुंकून पितेस."

बोलणं पटण्यासारखं होतं. तिला नेमकं तेच ऐकायचं होतं, म्हणूनच तिने ते लगेच मानलं नाही. तिने ठमीची हनुवटी चाचपली. नुसती लाळ. बोटांच्या बेचक्यांत एक शीत नव्हतं. एरवी ठमी जेवली की भात कानापर्यंत जायचा.

ठमीच्या उंच खुर्चीखाली कुत्रा आडवा पडला होता. तिने पावाचा तुकडा त्याच्यासमोर टाकला. रोज तो हवेतच झेलायचा. आज त्याने मान उचलली, वास घेतला आणि डोकं पुन्हा पंजांवर ठेवलं.

"आई, ठमी जेवलेलीच नाही."

"म्हणजे?"

"वाटी यानं साफ केलीय."

सासूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. तिने ठमीला उचललं, पिशवी खांद्याला अडकवली, एक पाय चपलेत घातला.

"सापडला!" नवरा धुळीने माखलेल्या कोपरांवर उठला. चिमटीत सेल चकाकत होता. "घे! आता तरी श्वास सोड, बाई."

सासूबाई भिंतीला टेकल्या, त्यांनी डोळे मिटले. तिचाही जीव भांड्यात पडायच्या बेतात होता. एका पायात चप्पल, कडेवर ठमी, अशीच ती ओट्याशी आली. तिने सेल काट्यात बसवला, बटण दाबलं.

आकडे उमटले नाहीत.

"उलटा बसला असेल." त्याने काढून पुन्हा बसवला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"रविवारी तू सेल बदललास," ती हळू आवाजात म्हणाली. "जुना कुठे टाकलास?"

त्याने सेल काढून तळहातावर घेतला.

"टाकला नव्हता. म्हटलं, असेल अजून थोडा जीव. इथंच कुठेतरी ठेवला..." बोलता बोलता तो परत सोफ्याकडे वळला, गुडघे टेकायला लागला. "थांब, नवाही इथंच असणार. दोन मिनिटं."

सासूबाईंनी त्याच्या हातातला टॉर्च काढून घेतला आणि तिथे गाडीची किल्ली ठेवली.