पाहुण्यासाठी झाडलेली विहीर

वहिनी विहिरीच्या कठड्यावर फतकल मारून बसली ती उठेचना. समोर तिचा दीर, हातात जंतू मारायच्या ब्लीचिंग पावडरची बादली. गावाच्या पाण्याचं काम त्याच्याकडं.

"उठा वहिनी. नमुनेवाला येईल इतक्यात."

"येऊ दे की."

"अहो, सरकारचा माणूस बाटली भरून तपासायला नेणार. घरी पाहुणा यायचा म्हटलं की आपण अंगण झाडतो का नाही?"

"झाडता, भाऊजी. पाहुण्याची पाठ वळली की पुन्हा उकिरडाच!"

खोटं नव्हतं ते. गटार पाझरत पाझरत विहिरीच्या कुशीत शिरलं होतं. घागर भरणाऱ्या प्रत्येकीला वास यायचा. पण नमुन्याच्या दिवशी दीर ओंजळी भरभरून पावडर टाकायचा आणि कागद यायचा, पिण्यास योग्य. लबाड नव्हता बिचारा. गावाची अब्रू राखतोय असं वाटायचं त्याला.

इकडं वहिनीची लेक चार महिन्यांत तिसऱ्यांदा जुलाबानं आडवी झालेली. वाळल्या वेलीसारखी पोर, कूस बदलायला आई लागायची. आणि दवाखान्यातली बाई तोच कागद बघून म्हणाली होती, "पाणी चांगलंय. पोरगी बाहेरचं खात असेल. तुम्ही हात तरी धुता का?" दीरानंही मान डोलावली होती.

नमुनेवाला आला, बाटली काढली, कागद काढला. "पावडर कधी टाकली?"

दीर बादलीकडं बघत राहिला.

"चार दिवसांत नाही," वहिनी म्हणाली. "लिहा."

"दरवेळी तर रोज टाकतो म्हणून सांगतात."

"आणि तुम्हाला दरवेळी पावडरचा भपकारा येत नव्हता?"

"ताई, वासाचा रकाना नाही माझ्या कागदात."

"मग माझी लेक कुठल्या रकान्यात लिहिता?"

नमुनेवाल्यानं दोर सोडला, बाटली भरली, झाकण घट्ट केलं. तोवर वहिनी कठड्यावरून हलली नाही.

आठवड्यानं कागद आला. दीर तो घेऊन वहिनीच्या दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला. त्यानं हळूच वाचलं.

"पिण्यास अयोग्य."

"मोठ्यानं वाचा, भाऊजी," वहिनी म्हणाली. "आत निजलीय ती. तिला ऐकू जाऊ दे."