ओल्या मेंढ्यांची चिठ्ठी

डॉट पेंगलीला मर्व्ह रॅटिगन डोळ्यांसमोर नको असायचा, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी याच शेडमध्ये मेंढीची लोकर कातरताना तिच्या कमरेतली गादी सरकली होती. ती फळ्यांवर कळवळत पडली होती आणि हा बाबा दात काढत म्हणाला होता, "उठा राणीसाहेब, नाटकं पुरे!" वर तिची खिडकीजवळची जागाही त्यानेच बळकावली. डॉट विसरणाऱ्यांतली नव्हती.

आता ती छताला स्प्रिंगने टांगलेल्या पट्ट्यावर छाती टेकवून कातरायची, म्हणजे वाकल्यावर धडाचा सगळा भार कमरेवर येत नसे. पहाटे उठून तासभर कुंपणाकडेने चालायची. फिजिओने तिला बजावलं होतं, की रात्री झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, तेव्हा उठल्या उठल्या वाकलीस तर त्यांच्यावर जास्तच ताण येईल. नुसती लोळत राहिलीस तरी त्या कमजोर होतील. भार त्यांना हवाच, पण बेताचा.

मर्व्ह कामाच्या घंटेआधी पाच मिनिटं उठायचा आणि थेट मेंढीला भिडायचा. "काय गं, पाठीला फिरवून आणलंस? बिस्कीट दिलंस का तिला?" हे रोजचंच.

त्या दिवशी रात्रभर पाऊस पडून गेला होता. अशा वेळचा रिवाज ठरलेला. प्रत्येकाने दोन मेंढ्या कातरायच्या आणि मग मुकादमाच्या टोपीत गुप्त चिठ्ठी टाकायची: ओल्या की कोरड्या. ओल्या जास्त निघाल्या तर काम बंद. भिजलेली मेंढी दुप्पट जड वाटते, ओढता ओढता माणसाचा पिट्टा पडतो.

दुसरी मेंढी सोडून डॉटने मान वर केली, तर मर्व्ह खांबाला धरून उभा. चार पावलं टाकताना त्याच्या डाव्या बुटाचं टोक फळीवर घासलं. डॉटला ते घासणं ओळखीचं होतं. तिचाही पाय असाच घासत होता, पडायच्या आधी तीन दिवस.

"काय बघतेस?" मर्व्ह गुरकावला. "ओल्याच लिहिणार ना तू? त्यापेक्षा स्वयंपाकघरात जा. तिथे मेंढ्या शिजूनच येतात, भिजायची भीती नाही!"

सगळे हसले. पायाबद्दल ओठांवर आलेलं तिने गिळलं. मर म्हणावं. तिने पेन्सिल दाबून 'कोरड्या' लिहिलं आणि चिठ्ठी टोपीत टाकली.

कातरणारे पाच. लेस मुकादमाने चिठ्ठ्या उलगडल्या. "कोरड्या तीन, ओल्या दोन. लागा कामाला."

चहाची सुट्टी व्हायच्या आत मर्व्ह कोसळला. मेंढी अर्धी कातरलेली, मशीन तसंच घरघरत होतं. डॉट पट्ट्यातून सुटून धावली. "हलवू नका त्याला!" ती ओरडली आणि त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पाय... पाय कळत नाहीये मला," तो म्हणाला. मग दात आवळून, "मी ओल्या लिहिलं होतं. जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, एक माझी, एक फर्गस म्हाताऱ्याची, आणि तुझी तर नक्कीच. झाल्या तीन. कुणी घात केला?"

खोटं बोलता आलं असतं. चिठ्ठी गुप्तच होती.

"मी कोरड्या लिहिलं," डॉट म्हणाली.

त्याने आपल्या डाव्या बुटाकडे नजर टाकली. "माझा पाय दिसला होता तुला?"

"दिसला होता."

मर्व्हची जीभ म्हणजे शिव्यांचं कोठार. ती वाट बघत राहिली. एक तरी सणसणीत शिवी त्याने हासडावी, असं तिला जिवापासून वाटत होतं. मर्व्हने नुसती मान पलीकडे वळवली.