मेणाच्या पायातला आंबटपणा

कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैच्या लग्नमंडपात त्या रविवारी दोनशे माणसं जमली होती आणि सगळी एका प्लास्टिकच्या टबाकडे पाहत होती. टबात पाय सोडून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पाण्यात चिमूटभर मंतरलेलं मीठ आणि वायर जोडलेलं एक जाळीदार कडं. दहा मिनिटांत स्वच्छ पाणी तपकिरी झालं, वर काळपट फेस आला. मंडपभर हात जोडले गेले.

"पाहा, तीस वर्षांचा आंबटपणा," चंद्रमौलीस्वामी फेसात बोट बुडवून म्हणाले. "स्नायूंत लॅक्टेट साठतं. प्रत्येक पेशीच्या भिंतीत द्वारपाल असतात. ते रुसले की आंबटपणा आत कोंडतो. मी त्यांच्या कानात मंत्र सांगतो, ते दार उघडतात आणि सगळं तळव्यातून बाहेर येतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विज्ञानाच्या प्रेमापोटी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. 'द्वारपाल' माझे होते. मी नर्सिंग कॉलेजात जीवरसायन शिकवते. गेल्या वर्षी कुंभकोणमच्या मराठी मंडळींपुढे पेशीवर व्याख्यान दिलं, तेव्हा देवळाच्या दाराशी उभ्या असलेल्या द्वारपालांचा दाखला मीच दिला होता. हा माणूस मागे बसून वहीत उतरवून घेत होता, आणि मला वाटलं होतं, चला, एक तरी मन लावून ऐकतोय. माझे वडील, निवृत्त पोस्टमास्तर व्यंकोबाराव, पहिल्या रांगेत घोरत होते. आज तेच अप्पा तोच शब्द ऐकून डोळे मिटून मान डोलावत होते.

अप्पांच्या पोटरीत चालताना गोळा येई. घरापासून महामहम कुंडापर्यंत जायला चारदा थांबावं लागे. थांबलं की दुखणं जाई. त्यात उजव्या अंगठ्यावरची जखम महिनाभर भरत नव्हती आणि तिच्या कडा काळ्या पडू लागल्या होत्या. तंजावरच्या डॉक्टरांनी तपासून पायाची धमनी अरुंद झाल्याचं सांगितलं. ती उघडायला बुधवारची तारीख दिली आणि उशीर झाला तर पाय जाईल असं बजावलं. मग माझ्या धाकट्या बहिणीनं, सौम्यानं, त्यांना स्वामींकडे आणलं. तीन टबांनंतर अप्पांनी बुधवार रद्द केला. सौम्या तर तिथली सेविकाच झाली होती. यंत्राचं बटण तिच्याच हाती असे.

"अप्पा, अजून फोन करता येईल. बुधवारी जाऊ या," मी म्हणाले.

"कशाला जावें? येथें बसलों की दुखणें जातें. सौम्यानें आणिलें मजला. तूं एवढीं पुस्तकें वाचून काय केलेंस?" अप्पा घरच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाले.

मग मी तिथंच सुरू झाले. लॅक्टेट तळव्यातून गळत नाही, हा माणूस थापाड्या आहे, माझं व्याख्यान चोरून तुम्हाला फसवतो आहे. आवाज चढला. माणसं वळून बघू लागली.

अप्पा शांतपणे म्हणाले, "तुजला मत्सर झालाय, विद्या."

खरंच झाला होता. मी उठून बाहेर पडले.

सोमवारी मी बस धरून स्वामीमलैला गेले. तिथले स्वामीनाथ स्थपती आमच्या घरोब्यातले. ते आधी मेणाची मूर्ती करतात, तिला मातीचा लेप देतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. त्यांच्याकडे मी मेणाचा एक पाय मागितला.

"देवाचा की माणसाचा?"

"आजारी माणसाचा."

त्यांनी फळीवरून एका पुढाऱ्याच्या पुतळ्यासाठी केलेला डावा पाय काढून दिला. कशासाठी ते ऐकल्यावर मात्र म्हणाले, मीही येतो.

मंगळवारी मी मंडपातल्या रांगेत उभी राहिले. खुर्चीत बसले, पाय वर दुमडून घेतले आणि पिशवीतून पुढाऱ्याचा पाय काढून घोट्याशी धरून टबात सोडला. सौम्यानं बटण आधीच दाबलं होतं. मंडपात कुजबुज झाली. स्वामींनी तिला खूण केली, बंद कर.

सौम्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्या पायाकडे. "दहा मिनिटं होऊं द्या, स्वामी," ती म्हणाली. "सर्वांस देतों तितकींच."

आठव्या मिनिटाला पाणी तपकिरी झालं. फेसही आला, चांगला काळा.

"मेणातही सूक्ष्म प्राण असतो," स्वामी घाईनं म्हणाले. "द्वारपाल सर्वत्र आहेत."

"असं? मग मी रोज किती जण वितळवतो, त्याचं पाप कोणाला?" मागून स्थपतींनी विचारलं. मंडप हसला.

मी यंत्र बंद करायला लावलं आणि कडं वर काढलं. आत लोखंडी पट्ट्या होत्या, खाऊन खाऊन पातळ झालेल्या. मीठ घातलेल्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. पाय असला काय, नसला काय.

अप्पा उठून टबाजवळ आले. "मग माझें दुखणें जातें तें कसें?"

"इथं अर्धा तास बसता म्हणून. वाटेत थांबल्यावर जात नाही का?" या वेळी मी आवाज चढवला नाही. "द्वारपाल खरे आहेत, अप्पा. पण ते प्रथिनांचे आहेत, त्यांना मंत्र ऐकू येत नाही. ते लॅक्टेटचा एक कण आणि आम्लाचा एक कण जोडीनं बाहेर सोडतात, आणि ते रक्तात जातात. तळव्याबाहेर नाही. तो काही कचरा नव्हे. हृदयाच्या पेशी तसल्याच दारातून त्याला आत घेतात आणि इंधन म्हणून जाळतात, यकृत त्याची साखर करतं. तुमची दारं उघडी आहेत. पुढची वाट अरुंद झाली आहे. रक्त पुरेसं पोचत नाही, म्हणून पोटरी दुखते, म्हणूनच जखम भरत नाही."

अप्पांनी अंगठ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि सौम्याचा हात धरला. "सरी, बरें. उद्यां तंजावरला जायाचें."

रद्द केलेला बुधवार दुसऱ्या रुग्णाला गेला होता, म्हणून धमनी तीन दिवस उशिरा उघडली. अंगठा काढावा लागला, पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, तीन टब आधी आला असता तर अंगठाही राहिला असता. दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा सांगत होते, "माझ्या सौम्यानें बटण बंद केलें नाहीं, म्हणून पाय राहिला." माझं नाव त्यात नव्हतं. मी खाटेशेजारी मोसंबी सोलत बसले होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. अजूनही दुखतं.

पण त्या रविवारी मी बरोबर होते, तरी माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी काहीच दाखवलं नव्हतं. फक्त भांडले होते. म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगते की स्वामींच्या शब्दावर जाऊ नका आणि माझ्याही जाऊ नका. कोणी तुमच्या पायातून काळं पाणी काढून दाखवलं, तर पाय बाहेर ठेवा आणि तेच यंत्र दहा मिनिटं चालवायला सांगा. तो नाही म्हणाला किंवा पाणी तरीही काळं झालं, तर चपला घाला आणि त्याच पायांनी डॉक्टरांकडे जा.