ओठांभोवतीचं पुरळ

माझ्या ओठांभोवती पुरळ उठून वर्ष होत आलं होतं. दोन डॉक्टर झाले, चार मलमं झाली. बायकोने टूथपेस्ट बदलली, तिखट बंद केलं, वर माझी चाळीस वर्षांची मिशी काढायला लावली. आठवडाभर बरं वाटायचं, की पुन्हा लाल, पुन्हा आग. गिऱ्हाइकं माप देताना माझ्या तोंडाकडे बघून मान फिरवायची. त्याचं मला फारसं वाटत नसे. शिंप्याकडे लोक शिलाई बघायला येतात, थोबाड नाही.

जिव्हारी लागलं ते वेगळंच. एकदा मशीनवरून उठून सहा महिन्यांच्या नातीचा, ठकीचा, पापा घ्यायला वाकलो, तर सुनेने तिला झटकन मागे ओढलं. ठकी रडायला लागली, तशी ती तिला आत घेऊन गेली. काही बोलली नाही. मीही नाही, मनातलं बोलून दाखवणं माझ्या रक्तात नाही. त्या दिवसापासून मी ठकीला लांबूनच बघायचो. ती रांगायला लागली तेव्हाही लांबूनच टाळ्या वाजवल्या.

तिसरी डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने माझी चांगली उलटतपासणी घेतली.

"तोंडाला आणखी काय काय लागतं, काका?"

"सांगितलं की. काही नाही."

ती लिहायला वळली, तसा तिच्या कोटाचा उसवलेला खिसा मला दिसला. लोंबता खिसा मला बघवत नाही. "थांबा जरा," म्हटलं, सदऱ्याला टोचलेल्या टाचण्या काढल्या आणि खिसा बसवायला लागलो.

"काका, ओठांत काय धरलंय?"

हात लावून बघितलं. तीन टाचण्या. चाळीस वर्षं त्या तिथेच असतात. श्वास कोणी मोजतो का?

तिने माझ्या पाठीवर दोन दिवस वेगवेगळ्या पदार्थांच्या तपासणीच्या पट्ट्या चिकटवल्या. निकेलची जागा तेवढी लालभडक फुलली. टाचण्यांना त्याच धातूचा मुलामा असतो म्हणे, आणि तो कधी कधी वर्षानुवर्षं वापरल्यावर अंगावर उलटतो. "आता टाचण्या ओठांत नाही, टाचण्यांच्या छोट्या उशीला टोचायच्या," ती म्हणाली, "आणि हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही."

महिनाभर हात तोंडाकडेच जायचा. बायको स्वयंपाकघरातून "तोंड!" म्हणून दरडावायची. पण दीड महिन्यात कातडी निवळली. मग एका सकाळी मी सुनेपुढे जाऊन उभा राहिलो.

"डॉक्टर म्हणाली, हे कुणाला लागत नाही. आता तरी ठकीला..."

सून बघतच राहिली. "पुरळाचं काय, बाबा? त्या दिवशी तुमच्या ओठांत टाचण्या होत्या. ही त्या धरायला गेली." मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, हिला ओढली म्हणून तुम्ही रागावलात."

सहा महिने आम्ही दोघं एका घरात एकमेकांना बिचकून राहिलो. स्वतःचा एवढा राग मला कधी आला नव्हता, आणि रडूही.

तिने ठकीला माझ्या मांडीवर ठेवलं. ठकीने माझा खालचा ओठ मुठीत धरून जोरात ओढला. चांगलंच दुखलं, पण मी तो सोडवून घेतला नाही.